जास्तीच्या ओळी

तिच्या उजव्या मुठीत पन्नास ग्रॅम युरिया बसायचा. एकोणपन्नास नाही की एक्कावन्न नाही. कुणाला खोटं वाटलं तर ती खताच्या खोलीतला काटा पुढे ओढायची, पोत्यात हात घालायची, पारड्यावर मूठ उघडायची आणि काट्याकडे न बघता समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तोंड पडलं की काटा पन्नासावर थांबला हे तिला कळायचं. म्हणून तोंडावर तिला सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे तराजू. पाठीमागचं नाव तिच्या कानावर होतं. तिला ते आवडायचंही, पण हे कुणाला कळू देईल तर ती तराजू कसली.

बाग केळीची होती. सहा हजार झाडं, आणि त्यांना खत घालणाऱ्या अकरा बायका. चोवीस वर्षं तराजू त्यांची मुख्य होती. कामाची रीत तिने बायकांच्या अंगात भिनवली होती. खत बुंध्यावर ओतायचं नाही. बुंध्यापासून फूटभर लांब, बांगडीसारखं गोल टाकायचं, टाचेने माती ओढून झाकायचं, मागोमाग पाणी. उघडं राहिलं तर हवेत उडून जातं, जास्त पडलं तर पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतं आणि कुणाच्याच पोटात जात नाही. केळ खादाड असते, ती सांगायची, पण म्हणून तिच्यापुढे परात मांडायची नाही, घासाघासाने भरवायचं. घड बाहेर पडला की हात आखडता घ्यायचा. तिचा नवरा तरुणपणीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. नवऱ्यालाही तिने पन्नास-पन्नास ग्रॅमनेच जेवू घातलं असणार, असं बायका म्हणत आणि पदर तोंडाला लावून हसत.

ती नसली की हसत. ती आली की अकरा पाठी एकदम वाकत. एकदा एकीच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. भेगेत युरियाचा दाणा शिरला की डोळ्यांत पाणी येतं, ती बिचारी म्हणाली, "बाई, आज हाताला फडकं बांधू का?"

"बांध की," तराजू म्हणाली. "आधी फडक्याचं वजन करून आण."

बायका हसल्या. ज्या हसल्या त्यांच्याही बोटांना भेगा होत्या.

ही अशी वागायची ती काही परक्यांशीच नाही. आई-वडील गेल्यावर धाकटी बहीण तिच्याकडे आली तेव्हा सतरा वर्षांची होती. तराजूला वस्तीच्या टोकाची खोली होती: एक खिडकी, एक नळ, एक शेगडी, भिंतीत दोन फळ्या. खोली खतवालीची, म्हणजे जिच्याकडे खताचं काम तिची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने धाकटीला उंबऱ्यात बसवलं, पुढे वाळूचं घमेलं आणि काटा ठेवला आणि मूठ बसवायला लावली. धाकटी डावखुरी. डाव्या हाताची मूठ बसायला चार महिने लागले. काटा चुकला की बोटांच्या पेरांवर लाकडी पट्टी. वाळू झाल्यावर युरिया, त्याच सोललेल्या पेरांनी. धाकटी रडली नाही, बोलली नाही, आणि एक दिवस तिचा काटा पन्नासावर थांबला. तराजू म्हणाली, "उद्या परत." शाबासकी म्हणतात ती एवढीच.

पुढे घड वाहून नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने धाकटीला मागणी घातली. माणूस वाईट नव्हता. तराजूने त्याला खोलीत घेतलंच नाही, बाहेरच सांगितलं की हिची अजून मूठ धड बसत नाही, हिच्याकडून संसार काय बसणार. दारामागे उभ्या असलेल्या धाकटीने ते ऐकलं. ड्रायव्हर पुन्हा आला नाही. त्यावर दोघी बहिणींत एक शब्द झाला नाही. त्याच खोलीत, त्याच शेगडीवरचं जेवत बावीस वर्षं गेली.

मग बागेत पाइप आले.

आधीचा मॅनेजर निवृत्त झाला होता. नवा तरुण होता, हळू बोलायचा, सगळ्यांना अहो-जाहो करायचा. त्याने सांगितलं, आता खत पाण्यात विरघळवून ठिबकच्या नळ्यांतून जाईल. थोडं थोडं, दर आठवड्याला, थेट मुळांशी. कमी खतात तेवढंच पीक. तराजू म्हणाली, थोडं थोडं आणि मुळांशी हे तर ती चोवीस वर्षं करतेय, त्यात नवं काय आलं. मॅनेजर हसला. म्हणाला, बरोबर आहे, मग एक हंगाम बघूच. दहा ओळी तिच्या मुठीच्या, बाकीच्या पाइपाच्या. तिच्या ओळींनी बरोबरीने घड दिले तर खताचं काम तिच्याकडेच राहील.

"आणि नाही दिले तर?"

"तर पाइप."

"खोलीचं काय?"

"खोली कामाची आहे, बाई," तो अगदी मऊपणे म्हणाला. "माणसाची नाही."

पाइपाच्या खताची टाकी आणि तिचे कॉक त्याने धाकटीच्या हाती दिले. एकच अट घातली: तराजूच्या ओळींत रोज किती खत गेलं ते कारकून वजन करून लिहील, आणि ठरल्या मापात एका दाण्याचा फरक चालणार नाही. तराजूला ही अट अपमानाची वाटली. तिने कारकुनाला पहिल्याच दिवशी सांगितलं की बाबा, वही उघडायची तसदी घेऊ नकोस, काल लिहिलंस तेच आज लिही. कारकुनाने तरी वजन केलं. बरोबर निघालं.

पहिले दोन महिने तिच्या ओळी पाइपाच्या ओळींना खांद्याला खांदा लावून वाढल्या. तिसऱ्या महिन्यात त्या पुढे निघाल्या. येता-जाता लोक थांबू लागले. पानं ही एवढी रुंद, रंग काळपट हिरवा, खोडं कमरेइतकी जाड. मॅनेजर स्वतः आला, पान हातात घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या हातात जादू आहे."

चोवीस वर्षांत असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. पण तिचा डोळा तिला सांगत होता की हा रंग बरा नाही. एवढी काळी पानं पन्नास ग्रॅमची नाहीत. पान लुसलुशीत होतं, खोड दाबलं तर अंगठा रुतत होता. भुकेलं झाड तिला ओळखता यायचं तसंच अधाशासारखं खाल्लेलंही यायचं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायका सावलीत आडव्या झाल्या तेव्हा ती एकटी ओळीत शिरली. चौथ्या झाडाशी खाली बसली. तिची बांगडी जागच्या जागी होती. आणि तिच्या आत, वीतभर अंतरावर, दुसरी बांगडी. माती ताजी ओढलेली. बोटाने उकरलं तर न विरघळलेले पांढरे दाणे. ती पुढच्या झाडाशी गेली, मग त्याच्या पुढच्या. सगळीकडे दुसरी बांगडी होती, गोल, मापात, एका हाताने एका दमात टाकलेली. आणि माती ओढलेली होती ती डाव्या टाचेने. बागेत डाव्या टाचेने माती ओढणारी एकच बाई होती.

ती तरातरा खोलीकडे निघाली. आज धाकटीची खैर नव्हती. पण वाट होती दहा मिनिटांची, आणि वाटेत तिच्या डोक्यात हिशेब फिरला. धाकटी पाइपाकडे. तराजूच्या ओळी जिंकल्या तर धाकटीच्या हातून टाकी जाणार. मग स्वतःच्या हाताने ती स्वतःचं नुकसान का करेल? उन्हात, उपाशीपोटी, चोरून? एकच कारण असू शकत होतं. त्या कारणाशी येऊन तराजू रस्त्यात उभी राहिली. आपल्या बाजूने कुणी गुपचूप उभं राहिलंय ही गोष्ट तिच्या वाट्याला कधी आलेली नव्हती. न बघितलेली वस्तू ओळखणार कशी. तिने दिसलं त्यालाच ते नाव दिलं.

खोलीत धाकटी डब्यात भात भरत होती. तराजू दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तू आधी जेव."

धाकटीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग जेवली.

त्या दिवसापासून तराजू बदलली. खिडकीजवळची आपली जागा तिने धाकटीला दिली. बोटांच्या भेगांना लावायला तेलाची बाटली आणली, स्वतः गरम करून दिली. घेताना धाकटीचा हात क्षणभर थबकायचा, मग घ्यायचा. बायका म्हणाल्या, तराजूचा काटा हलला बुवा. एकदा फक्त तिने आडून विषय काढला. म्हणाली, झाडांची पोटं आता भरली आहेत, आणखी काही घालायला नको. स्वतःची मूठ ती कमी करू शकत नव्हती. कारकुनाची वही होती ना.

धाकटी भांडी विसळत होती. "असं कसं, ताई," ती मागे न बघता म्हणाली. "किती छान दिसतात तुझ्या ओळी. साहेबसुद्धा म्हणाले."

आणि तराजू गप्प बसली. जाणत होती, तरी बसली. चोवीस वर्षं जिने दाण्याचा फरक खपवून घेतला नाही, तिने दुसरी बांगडी खपवून घेतली; कारण ती बांगडी तिच्यासाठी कुणीतरी टाकलेली होती.

झाडाला मात्र कुणाच्या मायेशी घेणंदेणं नसतं. पाइपाच्या ओळींत घड बाहेर पडले, तराजूच्या ओळी नुसतं पानच काढत राहिल्या. घड आले ते तीन आठवडे उशिरा. आले तेव्हा मोठे आले, वजनदार आले, आणि खाली खोड सगळं पाण्याचं. प्रयोगशाळेकडून एक मुलगी यायची. प्रत्येक झाडाचं वरून तिसरंच पान मागायची म्हणून बायका तिला तिसरं पान म्हणायच्या. तिने त्या ओळींतून पानाच्या पट्ट्या कापून नेल्या. नेताना तराजूकडे बघून काहीतरी बोलेल असं वाटलं, पण पिशवीचं तोंड बांधून गेली.

मग वारा सुटला. वादळ नव्हे, दोरीवरचे कपडे उडवतो तेवढाच. पाइपाच्या ओळी उभ्या राहिल्या. तराजूच्या दहा ओळींतली शंभरावर झाडं कमरेतून मोडली आणि घडांसकट चिखलात तोंड घालून पडली. सकाळी बायका बघायला आल्या. फडकंवाली म्हणाली, "बाई, वजन करायचं का यांचं?" त्या दिवशी कुणी पदर तोंडाला लावला नाही. मोकळ्या तोंडाने हसल्या.

चार दिवसांनी ऑफिसातून बोलावणं आलं. तराजू धुतलेलं लुगडं नेसून गेली. खुर्चीत मॅनेजर, बाजूला कारकून, खिडकीशी तिसरं पान. मॅनेजरने तपासणीचा कागद तिच्याकडे फिरवला आणि बोट ठेवून दाखवलं.

"तुमच्या ओळींत नत्र जवळपास दुप्पट निघालंय. मूठ चुकली का, बाई?"

वाटेत तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. मूठ चुकली म्हणाली असती तर नुसती म्हातारी ठरली असती. नाव जाऊन कदाचित काम राहिलं असतं. नाही म्हणाली तर मग खत टाकलं कुणी, हा प्रश्न येणार. आणि तो धाकटीच्या दाराशी जाऊन थांबणार. टाकी जाईल, काम जाईल, आणि का, तर बहिणीसाठी उन्हात वाकली म्हणून.

"माझी मूठ चुकत नाही," ती म्हणाली. "मीच दोनदा टाकलं."

कारकुनाने पेन खाली ठेवलं.

"तुम्ही?" मॅनेजर म्हणाला.

"हरायची भीती वाटली. दर पंधरा दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत. खताच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच असते." ती स्वच्छ आवाजात सांगत गेली, जे तिने केलं नव्हतं त्यातलं बारीकसारीक. दुसरी बांगडी किती आत टाकली तेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती दुसऱ्यासाठी खोटं बोलत होती आणि तिला ते सोपं जात होतं, याचं तिलाच नवल वाटलं.

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही अडवलं नाही. मग हळूच विचारलं, लिहून द्याल का. तिने लिहून दिलं, सही केली, तारीख घातली.

"सर," खिडकीकडून तिसरं पान म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "सर, पण या तर आपल्या जास्तीच्या ओळी आहेत."

"तुमचं काम पानापुरतं," मॅनेजर म्हणाला.

"नकाशात आहे ना सर. कमी, पुरेसं आणि जास्त. कमी आणि पुरेसं पाइपाने, जास्त यांच्या ओळींत. धाकट्या बाईंनी टाकलंय, तुम्हीच सांगितलं होतं. माझ्याकडे तारखा आहेत." मग ती तराजूकडे वळली. "मावशी, तुम्ही का असं लिहिलंत?"

मॅनेजरने कागदाची घडी घातली, टेबलाच्या खणात ठेवली आणि तिला बसायला सांगितलं. इतका वेळ ती उभीच होती.

"वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "गरजेपेक्षा जास्त घातलं तर किती नुकसान होतं, हे आसपासच्या बागवाल्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी कुणीतरी जास्तीच्या ओळीत असावंच लागतं. आणि तुम्हीच का, ठाऊक आहे? तुमची मूठ चुकत नाही. पाया पक्का असला की वर किती पडलं ते नेमकं मोजता येतं. दुसऱ्या कुणाच्या ओळींत हा प्रयोग झालाच नसता. खरं तर हे कौतुकच समजा."

"आणि बरोबरीचं बोलला होतात ते?"

"पाइप सहा हजार झाडांचा आधीच विकत घेतलाय, बाई."

ती उठली. कागद परत द्या, म्हणाली. तो खोटा आहे. मॅनेजर म्हणाला, असू दे, सही तर खरी आहे ना. कायमच्या माणसाला कामावरून काढायचं म्हणजे दहा भानगडी असतात. आता एकही उरली नाही. रोजंदारीवर यायचं असेल तर मात्र बागेचं दार उघडं आहे. तिसरं पान पिशव्या आवरायला लागली. एक पिशवी तिने तीन वेळा बांधली आणि सोडली.

खोलीत धाकटी खिडकीजवळ बसून टाकीचे काढलेले कॉक पुसत होती. तराजूने दार लावून घेतलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून."

"मला वाटलं, तू माझ्यासाठी टाकतेस."

धाकटीचा हात थांबला. ती हसेल असं तराजूला वाटलं, पण ती हसली नाही. तिने कॉक फडक्यावर ठेवला आणि बहिणीकडे असं बघितलं, जसं एखाद्या अनोळखी बाईने भलत्याच नावाने हाक मारावी.

"म्हणून ते तेल," ती सावकाश म्हणाली. "मी म्हटलं, म्हातारी झाली, मऊ पडली."

तराजूने मग कागदाचं सांगितलं. मीच टाकलं असं लिहून दिलं, म्हणाली, तुझं नाव येऊ नये म्हणून. तू जाऊन साहेबांना एवढंच सांग, की ते खोटं आहे. तुझ्या तोंडून ते ऐकतील.

"तुला कुणी सांगितलं होतं?" धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मी मागितलं होतं का? इतकी वर्षं मी मोजून ठेवलं होतं ताई, तुझं एकेक. सगळं वसूल झालं, आता मोकळी झाले म्हणत होते. आणि तू वर हे आणून घातलंस."

"सांगशील का?"

"बघते."

ती दुसऱ्या दिवशी बघणार होती, मग सोमवारी. मग टाकीचं काम वाढलं, वेळ मिळेना. आठ दिवसांनी खतवाली म्हणून धाकटीचं नाव खोलीच्या कागदावर चढलं. तिने तराजूला जा म्हटलं नाही. दाराजवळ जागा आहे, म्हणाली, रात्री शेगडीचा धूर तिकडून जातो तेवढं सांभाळ. रोजंदारीच्या बायकांत तिला घेतलं. फडकंवाली आता धाकटीच्या हाताखाली मुख्य होती. पहिल्याच दिवशी तिने तराजूला एकेरीत हाक मारली आणि सगळ्यांनी वळून बघितलं, ही काय करते. तिने ओ दिली.

मोडलेली झाडं तिनेच कापून काढली. त्या जागी नवी लागवड झाली तेव्हा मॅनेजरने नकाशात रंग बदलला. या दहा ओळींत मागचं खत भरपूर उरलं असणार, ते झाड किती दिवस पुरवून खातं ते बघायचं. एक दाणाही नवा घालायचा नाही. राखायला माणूस हवा होता. कामं वाटताना धाकटी यादीत बघत म्हणाली, "ताई, शून्याच्या ओळी तुझ्याकडे."

दोन महिने त्या ओळी हिरव्या राहिल्या. धाकटीने उन्हात वाकून घातलेलं होतं, ते खात राहिल्या. तिसऱ्या महिन्यात खालची पानं पिवळी पडायला लागली, आधी कडेने, मग देठापर्यंत. तराजू रोज सकाळी तण काढायची, पाणी बघायची आणि झाडाझाडाशी थोडी उभी राहायची. तिसरं पान पट्ट्या न्यायला यायची, तिच्याशी नजर न मिळवता पान मागायची. तराजू तिच्यासाठी बरोबर वरून तिसरं निवडून ठेवायची.

एका दुपारी धाकटी एकटीच ओळ बघत आली. वही काखेत होती. तिने दोन झाडांभोवतीची माती पायाने उकरून बघितली. स्वच्छ होती.

"टाकावंसं वाटतं?" तिने विचारलं.

"वाटतं."

"टाकू नकोस."

"नाही टाकत."

धाकटी पुढच्या ओळीत गेली. तिथेही तिने माती उकरून बघितली, मग त्याच्या पुढच्या ओळीत. तराजू पिवळ्या पानाखाली विळा घेऊन उभी होती, दहाही ओळी तपासून होईपर्यंत उभीच राहिली, आणि मग तण काढायला खाली बसली.